सात्या खाल्ल्या, पण नेमक्या कोणत्या?

पावसाने जोर धरला की भंडारा जिल्ह्यात रानातल्या सात्या घरोघरी शिजतात. वाळवीच्या वारुळावर उगवणारी ही अळंबी पिकवता येत नाही, त्यामुळे तिचे अप्रूप मोठे. तिच्यासारखीच दिसणारी एखादी विषारी जात टोपलीत आली, तर रुग्णाच्या केसपेपरवर बहुधा ‘अन्नातून विषबाधा’ एवढेच लिहिले जाते. अळंबी कोणती, हे कळतच नाही.

ते कळायला हवे. हिरवट बीजाणूंच्या क्लोरोफायलममुळे एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब होतात. बहुतेक रुग्ण सलाइनवर सावरतात. अ‍ॅमानिटाच्या काही जातींचे विष मात्र सहा तास किंवा त्याहून अधिक काळ गप्प असते. मग जुलाब लागतात, मध्ये बरेही वाटते आणि तेवढ्यात यकृत निकामी होऊ लागते. हे विष शिजवून जात नाही. चांदीचा चमचा काळा पडण्याची परीक्षा तर निव्वळ भाकड.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर कवकसंग्रह आहे. अशा संग्रहात वाळवलेल्या नमुन्यासोबत ठिकाण, तारीख आणि क्रमांक नोंदलेला असतो. सुकल्यावर रंग उडतो, म्हणून ताजेपणीचा फोटो आणि बीजाणूंचा ठसा हवाच. वाळलेल्या तुकड्यातून पुढे डीएनएही तपासता येतो. विषबाधेतील नमुने जिल्हा रुग्णालयांतून अशा संग्रहाकडे नेमाने जायला हवेत. घरच्यांनी उरलेली कच्ची अळंबी प्लास्टिकमध्ये नव्हे, कागदात गुंडाळून रुग्णासोबतच आणावी.