दात हलतोय? उपटण्याआधी कोविडची फाइल दाखवा

कोविडच्या वॉर्डातून सुट्टी होते, घरात सगळ्यांना हायसे वाटते. दोन-तीन आठवड्यांनी वरची दाढ दुखू लागते, एखादा दात हलतो, गाल बधिर होतो. घरचे म्हणतात, "खर्रा खाऊन झालं असेल, काढून टाका दाढ." यवतमाळ जिल्ह्यात २०२१ मध्ये हे वाक्य माझ्या कानावर वारंवार येत होते, म्हणून हे लिहितो आहे.

हे म्युकरमायकोसिसचे, म्हणजे लोक ज्याला 'काळी बुरशी' म्हणतात त्या आजाराचे लक्षण असू शकते. २० मे २०२१ रोजी केंद्र सरकारने राज्यांना या आजाराच्या प्रत्येक रुग्णाची नोंद करण्याची व्यवस्था करायला सांगितले.

दोष स्टिरॉइडचा का?

ही बुरशी मातीत, हवेत नेहमीच असते. निरोगी माणसाला ती सहसा काही करत नाही. स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती कमी होते आणि रक्तातली साखर वाढते. आधीच मधुमेह असेल तर धोका आणखी वाढतो. पण स्टिरॉइड वाईट औषध नाही. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीत डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिल्याने ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे मृत्यू कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा झाला नाही. गडबड होते ती ताप आला की पहिल्याच दिवशी गोळी सुरू केल्याने, डोस आणि दिवस वाढवल्याने, आणि साखर न तपासल्याने.

दात काढून का भागत नाही?

बुरशी नाकातून सायनसमध्ये जाते. सायनसचा तळ म्हणजेच वरच्या जबड्याचे हाड. बुरशी तिथल्या रक्तवाहिन्या बंद करते, हाड मरते आणि दात सैल होतात. अशा वेळी नुसता दात काढला तर जखम भरत नाही आणि मोलाचे दिवस जातात. तेवढ्यात आजार डोळ्याकडे, मेंदूकडे सरकू शकतो. आधी नाकाची दुर्बिणीने तपासणी, स्कॅन आणि तुकडा काढून तपासणी हवी. मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढावा लागतो. कधी जबड्याचा भागही जातो. साधी अँटिबायोटिक बुरशीवर चालत नाही.

इंजेक्शनही जपून

अँफोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी २०२१ मध्ये लोकांची धावपळ चालली होती. शेजारच्या वर्ध्यात मे २०२१ अखेरीस त्याचे उत्पादन सुरू झाले, ही दिलाशाची बाब होती. पण त्याचे साधे आणि लायपोसोमल असे प्रकार आहेत, आणि त्यांचे डोस सारखे नाहीत. एकाच्या जागी दुसरे आणले तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय लावू देऊ नका. या औषधाने किडनीला इजा होऊ शकते, पोटॅशियम घटते. त्यामुळे क्रिएटिनिन आणि पोटॅशियम वेळोवेळी तपासले जाते ना, हे विचारा. दुखते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणू नका. किडनीवरचा भार वाढतो.

दातांच्या डॉक्टरांना काय सांगाल?

* स्टिरॉइड कोणते, किती दिवस घेतले. अजून सुरू असेल तर स्वतःहून एकदम बंद करू नका.
* रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. कोविडनंतर ती अनेकांना दिली जात होती. दात काढायचा म्हणून ती मनाने थांबवू नका. तो निर्णय तुमचे दोन्ही डॉक्टर मिळून घेतील.
* आजची साखर किती.

स्टिरॉइड आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीची माहिती सुट्टीच्या कार्डावर असते. ते कार्ड सोबत ठेवा.

वाट पाहू नका

नाकातून काळसर किंवा रक्तमिश्रित स्राव, गालावर सूज, एका बाजूचे डोके दुखणे, डोळा सुजणे, एकाचे दोन दिसणे, टाळूवर काळा डाग, यांपैकी काहीही दिसले तर सोमवारच्या ओपीडीपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा. दाढेचे नंतर बघता येईल.