पदवीच्या गुणपत्रिकेत संगीत आलं. शिकवणारा मास्तर कुठाय?

विरार : बारावीचा निकाल लागला की सकाळच्या डहाणू-विरार लोकलमध्ये फायली घेतलेली पोरं-पोरी दिसायला लागतात. डहाणू, केळवे रोड, सफाळे, वैतरणा, सगळीकडून कॉलेजच्या प्रवेशासाठी विरार-वसईकडं धाव. हातातल्या फॉर्मवर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, सी.सी. असे शब्द असतात. पोरांना ते अर्धे कळतात, आईबापांना तेवढेही नाहीत. या शब्दांच्या गर्दीत आपल्या मुलांच्या कामाची एक गोष्ट लपलेली आहे. ती म्हणजे संगीत.

माझ्या पुतण्याचा कॉमर्सचा फॉर्म भरायला मी बरोबर गेलो होतो. पोरगा गावच्या सप्ताहात पखवाज वाजवतो. त्यानं कुठंतरी वाचलं होतं. म्हणाला, "काका, आता पदवीत संगीत पण घेता येतं म्हणे." आम्ही कॉलेजची यादी दोनदा वाचली. संगीत नव्हतं. खिडकीवर विचारलं तर उत्तर आलं, "शिकवायला माणूसच नाही, तर विषय कसा ठेवणार?" पुतण्यानं दुसऱ्याच विषयावर टिक केली. प्रश्न एका कॉलेजचा नाही. नियमानं दार उघडलंय, पण दाराच्या आत माणूस नाही.

नियम काय सांगतो

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीचा आराखडा कसा असावा, याचा शासन निर्णय राज्यानं २० एप्रिल २०२३ ला काढला. मुंबई विद्यापीठाला जोडलेल्या कॉलेजांत तो २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला लागू झाला. वसईपासून मोखाड्यापर्यंत आपल्या जिल्ह्यातली बहुतेक पदवी कॉलेजं याच विद्यापीठाची.

या आराखड्यात संगीताला दोन जागा आहेत. पहिली ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा विषय. कॉमर्स किंवा सायन्सचा मुलगा इथं संगीत घेऊ शकतो. दुसरी को-करिक्युलर, म्हणजे सी.सी. तिच्यात एनएसएस, एनसीसी, योग, खेळ यांच्या जोडीला सांस्कृतिक उपक्रम आणि गायन-वादन-नृत्यासारख्या कलाही धरल्या आहेत. तिला पहिल्या दोन वर्षांत मिळून ८ क्रेडिट ठेवलीत. ही वाट आर्ट्सच्या मुलांनाही मोकळी.

आधी गॅदरिंगमध्ये गाणं म्हटलं की टाळ्या मिळायच्या, फार तर प्रमाणपत्र. आता त्याचे गुण धरले जातात आणि क्रेडिट मुलाच्या नावावर जमा होतं. फरक हा आहे.

६० तासांत येतं तरी काय?

एका क्रेडिटला वर्गात बसून शिकायचं असेल तर १५ तास आणि प्रात्यक्षिक असेल तर ३० तास, असा साधारण हिशोब. म्हणजे २ क्रेडिटचा प्रात्यक्षिक विषय ६० तासांचा. १५ आठवड्यांचं सत्र धरलं तर आठवड्याला ४ तास.

एवढ्यात कुणी गवई होत नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. पण सात शुद्ध, चार कोमल, एक तीव्र असे बारा स्वर कानाला कळू लागतात. भूपासारखा पाच स्वरांचा राग ओळखता येतो. केरवा आठ मात्रांचा, दादरा सहाचा, त्रिताल सोळाचा, हे हातावर मोजता येतं. भजनात वर्षानुवर्षं जे नुसतं अंगवळणी पडलंय त्याला नाव मिळतं.

शास्त्रात वाद्यांचे चार प्रकार सांगितलेत : तारेची, फुंकून वाजवायची, चामडं मढवलेली आणि एकमेकांवर आपटून वाजणारी. हे शिकवायला बाहेरून काही आणावं लागणार नाही. घांगळी पहिल्यात बसते, तारपा दुसऱ्यात, ढोल आणि पखवाज तिसऱ्यात, टाळ चौथ्यात. चारही प्रकार पालघर जिल्ह्यातच आहेत.

अडतंय कुठं?

पहिली अडचण माणसाची. नुसता आराखडा बदलल्यानं प्राध्यापक येत नाही. कॉलेजात जे शिक्षक आहेत त्यांच्याच तासांत बसतील असे विषय यादीत जातात. मग मुलाची 'निवड' म्हणजे ताटात वाढलेल्या दोन भाज्यांतली एक.

दुसरी अडचण वेळेची. हार्मोनियमचा तास लेक्चर संपल्यावर ठेवला तर विरारात राहणारा मुलगा थांबेल. सफाळ्याच्या पुढं गाडी गाठायची, तिथून एसटी किंवा रिक्षा धरायची, तो मुलगा थांबणार नाही. मुली तर नाहीच. मग जो विषय सगळ्यांसाठी आणला, तो स्टेशनजवळ राहणाऱ्यांचा होऊन बसतो.

तिसरी अडचण घरातली. "गाण्याबजावण्यानं पोट भरतं का?" हा प्रश्न आपण सगळेच विचारतो. मीही विचारला. पण क्रेडिट तर कशाचं तरी घ्यायचंच आहे. मग जे पोराला मनापासून आवडतं त्याचं घेतलं तर बिघडलं कुठं?

ज्यांच्याकडं पैसे आहेत ते खासगी क्लास लावतात. मुंबई गाठणाऱ्यालाही वाटा आहेत. विद्यापीठाचा संगीत विभाग आहे, २०२२ मध्ये राज्य सरकारनं लता मंगेशकरांच्या नावानं संगीत महाविद्यालय सुरू केलंय. पण विरारहून चर्चगेट ६० किलोमीटर. जव्हार-मोखाड्याच्या पोरासाठी ते गाव परदेशासारखंच. म्हणून जवळच्या कॉलेजातला दोन क्रेडिटचा विषय छोटा दिसला तरी मोलाचा आहे. या मुलांना तेवढीच एक संधी आहे.

मास्तर गावातच आहेत

"माणूसच नाही" हे कॉलेजचं उत्तर पूर्ण खरं नाही. पदवी असलेला माणूस नाही, एवढंच खरं.

विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२३ मध्ये कलाकार आणि कारागिरांना कॉलेजात शिकवायला बोलावण्यासाठी मार्गदर्शक सूचना आणल्या. त्यात कागदी पदवीपेक्षा कलेतला अनुभव आणि कसब बघायचं आहे. म्हणजे वाट आहे. ती वापरायची इच्छा पाहिजे.

आता आपल्याकडं बघा. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव तारप्याबरोबरच घेतलं जातं. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचं पान एवढ्यावर हे वाद्य उभं राहतं. श्वास न तोडता ते वाजवत राहणं ही साधी गोष्ट नाही. वसईच्या ख्रिस्ती गावांत लग्नाला आणि सणाला बँड वाजतो, त्यात कागदावरची सुरावट वाचून वाजवणारे लोक आहेत. आगरी, कोळी, कुणबी वस्तीत दर दोन गावांमागं एक भजनी बुवा सापडेल. यातल्या दोघा-तिघांना आठवड्यातून दोनदा बोलावलं, जाण्यायेण्याचा खर्च आणि योग्य मानधन दिलं, तर विषय उभा राहतो. सूर-ताल बुवा शिकवतील. लेखी भाग आणि परीक्षेची कागदपत्रं कॉलेजचा एखादा प्राध्यापक सांभाळेल.

मात्र मानधन वेळेवर हवं. "कलेची सेवा करा" म्हणून फुकट राबवून घेतलं तर दुसऱ्या वर्षी कुणी येणार नाही. भातलावणी सोडून येणाऱ्या माणसाच्या दिवसाला किंमत आहे.

असं आधीही घडलंय

कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९०८ मध्ये मुंबईत शाखा आणली. त्याआधी गाणं गुरूच्या घरी राहून, त्याची मर्जी सांभाळून शिकावं लागे. वर्ग, पुस्तक आणि परीक्षा आली तशी साध्या घरातली मुलं आणि मुली गाणं शिकू लागल्या. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा त्याच परंपरेतल्या.

गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत पोरांना सुरावट वाचायला शिकवत. त्या शिकवणीच्या जोरावर किती तरी गोवेकर वादक पुढं मुंबईच्या हिंदी सिनेमात वाद्यवृंदात बसले आणि घरं चालवली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच. सुरुवात गावातल्या प्राथमिक धड्यापासूनच झाली होती. पोट भरतं का, या प्रश्नाचं एक उत्तर हेही आहे.

प्रवेश घेताना एवढं विचारा

फॉर्म भरायच्या आधी कॉलेजात चार प्रश्न विचारा. ओपन इलेक्टिव्ह किंवा सी.सी.च्या यादीत संगीत आहे का? असेल तर कोण शिकवतं, का नुसतं कागदावर आहे? तास किती वाजता, आणि शेवटची गाडी किंवा एसटी गाठता येईल का? विषय नसेल तर किती मुलांनी मागणी केली म्हणजे सुरू कराल? 'स्वयम्' पोर्टलवर संगीताचे मोफत कोर्स येत असतात, पण त्याचं क्रेडिट कॉलेजनं मान्य केलं तरच धरतात. तेही आधीच विचारून घ्या.

एकट्यानं विचारलं तर खिडकी बंद होते. वीस मुलांनी सह्या करून प्राचार्यांना अर्ज दिला तर तो बैठकीत मांडावा लागतो. भजनी मंडळांनी आणि ग्रामपंचायतींनीही आपल्या भागातल्या कलाकारांची नावं कॉलेजला लेखी द्यावीत.

दहावीला शास्त्रीय आणि लोककलेचे वाढीव गुण मिळतात म्हणून शाळेत मुलं ढोलकी-पेटीला हात लावतात. पुढं कॉलेजात गेली की हात थांबतो. तो थांबू नये याची सोय नियमात झाली आहे. पुतण्याचं पहिलं वर्ष गेलं. सी.सी.ला दुसरंही वर्ष असतं. या वेळी तो एकटा नाही, आणखी सोळा जणांच्या सह्या घेऊन जाणार आहे.