आधी दार मोजा
शेजारच्या काकूंची व्हीलचेअर या आठवड्यात घरी आली आणि बाथरूमच्या दारातच अडखळली. दार अडीच फुटी, चौकट वजा जाता खुर्ची कशीबशी शिरते, पण चाकं फिरवणारे हात खरचटतात. वर पाणी अडवायला चार बोटं उंच उंबरा! हॉलमधला टीव्ही मात्र भिंतभर. खरं तर गरजा मोजक्याच: ९०० मिलिमीटर मोकळं दार, कमोडशेजारी भक्कम दांडा, सहा इंची पायरीला सहा फुटांचा उतार. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करणं बंधनकारक केलं. घराचं आपणच बघायचं. आणि ही सोय परोपकार नव्हे. गुडघे सगळ्यांचेच कुरकुरणार आहेत. तेव्हा मंडळी, घराचं काम काढाल तेव्हा टाइल्सचा रंग ठरवण्याआधी बाथरूमचं दार मोजा.