धनाढ्य लीग, पोरकी मैदाने

फुटबॉलमध्ये लीग आली, झगमगाट आला, पैसाही आला. पण ज्या स्पर्धांनी आणि ज्या क्लबांनी हा खेळ शतकभर जोपासला, त्यांचे काय झाले? दहीहंडीचीही 'लीग' झालेल्या ठाणेकरांनी हा हिशेब एकदा मांडून पाहायलाच हवा.

१६ ऑगस्ट २०२५, गोपाळकाल्याचा दिवस. ठाण्याच्या वर्तकनगरात जोगेश्वरीच्या कोकणनगर गोविंदा पथकाने दहा थर रचले आणि पटांगणातला जनसमुदाय क्षणभर श्वास घ्यायचा विसरला. तेरा वर्षांपूर्वी, २०१२ साली, जोगेश्वरीच्याच 'जय जवान' पथकाने याच ठाणे शहरात नऊ थरांचा ४३.७९ फुटी मनोरा रचून गिनेस बुकात नाव कोरले होते. दोन्ही पथके एकाच उपनगरातली. दिवसभर नोकरी-धंदा करून रात्री सरावाला जमणाऱ्या तरुणांची. हंडीखाली उभे राहताना त्यांना कोणी 'तुमचा मालक कोण?' असे विचारले नाही. येईल त्याने सलामी द्यावी आणि अंगात धमक असेल त्याने थर लावावेत, हाच या उत्सवाचा रिवाज.

२०२२ साली राज्य शासनाने दहीहंडीला साहसी क्रीडाप्रकाराचा दर्जा दिला आणि २०२३पासून वरळीच्या बंदिस्त सभागृहात 'प्रो गोविंदा'चे थर लागू लागले. पुढाकार ठाण्याच्याच मंडळींचा. संघमालक आले, दूरचित्रवाणी आली, लाखोंची बक्षिसे आली. गोविंदांना विमा मिळावा, मान मिळावा, चार पैसे मिळावेत, याबद्दल कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे. धनाढ्य लीग अवतरली की तिच्या आधीपासून चालत आलेल्या खुल्या स्पर्धांचे काय होते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार लांब जायला नको. भारतीय फुटबॉलची गेली पंधरा वर्षे डोळ्यांपुढे आणली तरी पुरे.

कूपरेजचे वैभव

मुंबईच्या कूपरेज मैदानावर १८९१ पासून रोव्हर्स चषक खेळला जात असे. आरंभी ती गोऱ्या पलटणींची मक्तेदारी होती. ती मोडून काढत भारतीय संघांनी हा चषक आपलासा केला. सय्यद अब्दुल रहीम यांच्या तालमीत तयार झालेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो जिंकला. कोलकात्याचे दिग्गज, गोव्याचे क्लब, सैन्यदलांचे संघ आणि मुंबईच्या कंपन्यांचे संघ एकाच मैदानावर एकमेकांना भिडत. १९९६ साली राष्ट्रीय लीग सुरू झाली, वेळापत्रकात जुन्या स्पर्धांची जागा आक्रसत गेली आणि २०००-०१ नंतर रोव्हर्स चषक इतिहासजमा झाला. मुंबईत त्यासाठी ना मोर्चा निघाला, ना कोणी अग्रलेख लिहून अश्रू ढाळले. शतकाहून जुनी परंपरा निमूटपणे मिटली.

हे पाप आजच्या आयएसएलच्या माथी मारता येणार नाही, कारण तेव्हा तिचा जन्मही झालेला नव्हता. परंतु जे १९९६नंतर हळूहळू घडले, तेच २०१४नंतर झपाट्याने आणि उघडपणे घडले. १९७७ साली सुरू झालेला फेडरेशन चषक २०१७ साली अखेरचा खेळला गेला. त्याच्या जागी आणलेला सुपर चषक दोन वर्षे झाला आणि मग थेट २०२३पर्यंत गायब राहिला. आशियातील सर्वात जुनी, १८८८ सालची ड्युरँड स्पर्धा २०१५, २०१७ आणि २०१८ या वर्षी झालीच नाही. सैन्यदलांनी ती २०१९ साली कोलकात्याला नेली, म्हणून तिचा श्वास टिकला.

विजेत्याला दार बंद

९ डिसेंबर २०१० रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी करार केला. मुदत पंधरा वर्षे, मोबदला ७०० कोटी रुपये. देशाच्या फुटबॉलचे व्यापारी हक्क एका दस्तऐवजाने एका व्यावसायिक संस्थेच्या हाती गेले. त्यातून १२ ऑक्टोबर २०१४ रोजी आयएसएलचा पडदा उघडला. आठ नवे संघ आले. कारकिर्दीच्या मावळतीला आलेले परदेशी तारे आले. पुण्यात ट्रेझेगे, मुंबईत अनेल्का, दिल्लीत डेल पिएरो. सिनेतारे आणि क्रिकेटपटू मालक म्हणून मिरवू लागले.

आता या वैभवाची दुसरी बाजू पाहा. २००६-०७ ते २०१२-१३ ही सलग सात वर्षे राष्ट्रीय लीगचे विजेतेपद गोव्याबाहेर गेले नव्हते. कधी धेंपो, कधी चर्चिल ब्रदर्स, कधी साळगावकर. जेमतेम पंधरा लाख वस्तीच्या राज्याचा हा पराक्रम! २०१६ साली महासंघाने आयएसएलला शिरोभागी बसवण्याचा आराखडा पुढे केला. तेव्हा साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली. पाठोपाठ पाच वेळचा विजेता धेंपोही बाहेर पडला. तो २०२४-२५मध्ये परतला, पण दुय्यम ठरलेल्या आय-लीगमध्ये. ज्यांनी घर बांधले, त्यांच्याच नशिबी ओसरी आली.

मिझोरामच्या ऐजॉल क्लबची कथा तर अधिकच बोलकी आहे. २०१६-१७ साली या डोंगराळ गावच्या, तुटपुंज्या साधनांच्या संघाने कोलकाता आणि बंगळुरूच्या मातब्बरांना मागे टाकून आय-लीग जिंकली. त्याच वर्षी आयएसएलमध्ये दोन संघांची भर पडली. त्यांतला एक बंगळुरूचा प्रस्थापित क्लब, तर दुसरा जमशेदपूरचा. हा दुसरा संघ तोवर अस्तित्वातच नव्हता! देशाचा विजेता दाराबाहेर आणि जन्मालाही न आलेला संघ पहिल्या पंगतीला. कारण प्रवेश गुणवत्तेवर नव्हता, बोलीवर होता. मैदानावर जिंकून या लीगमध्ये शिरण्याची वाट २०२३ साली पंजाबच्या संघाला मिळाली. तोवर नऊ मोसम उलटून गेले होते.

भाडेकरूंचे पुणे

महाराष्ट्राने यात काय कमावले? मुंबईचा महिंद्र युनायटेड हा २००५-०६चा राष्ट्रीय विजेता. २०१० साली तो बंद झाला. २००७ साली स्थापन झालेला मुंबई एफसी २०१७ साली आय-लीगमधून खाली घसरला आणि संपला. पुण्याचा पुणे एफसी २०१५ साली गुंडाळला गेला. भारत एफसी एका मोसमापुरता टिकला, डीएसके शिवाजीयन्स दोन मोसमांपुरता. उरला आयएसएलचा एफसी पुणे सिटी. २०१९ साली त्याचीही जागा हैदराबाद एफसीने घेतली आणि २०२५ साली हैदराबादचा संघही दिल्लीला गेला. पुण्याचा क्लब हैदराबादमार्गे दिल्लीला पोहोचला, यातच सारे आले. क्लब म्हणजे वाड्यातला वडिलोपार्जित देव्हारा की भाड्याच्या खोलीतले सामान, हा खरा प्रश्न आहे. ज्याची पाळेमुळे गावात नाहीत, त्याला गाव सोडताना वेदना होत नाहीत.

पाळेमुळे असलेल्यांचीही सुटका झाली नाही. २९ जुलै १९११ रोजी मोहनबागानच्या खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर पलटणीला नमवून आयएफए शिल्ड जिंकली. त्यांतले बहुतेक अनवाणी खेळले होते. वंगभंगाच्या जखमा ओल्या असताना मिळालेला तो विजय सबंध देशाला आपला वाटला. त्याच मोहनबागानला २०२० साली आयएसएलमध्ये प्रवेश मिळवण्यासाठी एका सहा वर्षे वयाच्या क्लबचे नाव आपल्या नावाआधी लावून घ्यावे लागले. समर्थकांनी तीन वर्षे विरोध केला, तेव्हा कुठे ते बिरुद गळाले. इंग्रजांना न झुकलेले नाव जाहिरातीच्या फलकापुढे झुकले!

युक्तिवाद आणि वास्तव

लीगचे समर्थक सांगतात की, जुन्या स्पर्धांना प्रेक्षक नव्हते, मैदाने खराब होती, खेळाडूंना वेळेवर मानधन मिळत नव्हते. यात तथ्य आहे. आयएसएलच्या पहिल्याच मोसमात सरासरी वीस हजारांहून अधिक प्रेक्षक आले, हेही खरे. गवत सुधारले, आहार सुधारला, प्रशिक्षण सुधारले. पण जुने घर गळत असेल तर कौले शाकारायची असतात. घर पाडून त्या जागी मांडव उभारायचा नसतो. मांडव कितीही दिमाखदार असला तरी कार्य आटोपले की मांडववाला कनाती सोडून घेऊन जातो.

नेमके तेच २०२५ साली घडले. पंधरा वर्षांच्या कराराची मुदत डिसेंबरमध्ये संपणार होती. नूतनीकरणाचे घोंगडे भिजत पडले आणि जुलैमध्येच आयएसएलचा पुढचा मोसम स्थगित झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होते. नवा व्यावसायिक भागीदार मिळवण्यासाठी काढलेल्या निविदेला नोव्हेंबरमध्ये एकही बोली आली नाही. ज्या बोलीच्या जोरावर ऐजॉलला दाराबाहेर ठेवले, ती बोली लावायलाच कोणी उरले नाही! काही क्लबांनी पगार रोखले. मुंबई सिटीतील परदेशी भागीदाराने डिसेंबरमध्ये काढता पाय घेतला. देशाच्या नामवंत खेळाडूंवर थेट फिफाकडे आर्जव करण्याची पाळी आली. अखेर जानेवारी २०२६मध्ये स्पर्धेची तारीख केंद्रीय क्रीडामंत्र्यांना जाहीर करावी लागली.

आणि राष्ट्रीय संघ? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावात सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि २०२७च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. २०१७ साली जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात असलेला भारत २०२५ सरताना १४०च्याही खाली होता. सगळा दोष लीगचा नाही. परंतु 'लीगमुळे देशाचे फुटबॉल वर येईल' हे आश्वासन होते आणि आश्वासनाचा जाब विचारायचाच असतो.

समाजाचा खेळ, समाजाची मालकी

एप्रिल २०२१मध्ये युरोपातील बारा धनाढ्य क्लबांनी स्वतःची वेगळी सुपर लीग जाहीर केली. पंधरा संस्थापक संघांना कायमचे स्थान, मग ते हरोत वा जिंकोत. इंग्लंडचे सामान्य प्रेक्षक रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. तेथे पैसा कमी नव्हता, पण क्लब आपला आहे ही भावना पैशाहून प्रबळ होती. म्हणूनच १८७१ साली सुरू झालेल्या त्यांच्या एफए चषकात आजही खेड्यातला हौशी संघ उतरू शकतो.

अशी भावना आपल्याकडे नाही असे मानणाऱ्यांनी कोल्हापूरला जावे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ. संघांची ही नावेच सांगतात की, हा खेळ पेठांनी वाढवला, कुस्तीच्या मातीने त्याला आश्रय दिला. मोठ्या सामन्याला शाहू स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. फुटबॉलवर एवढे प्रेम करणाऱ्या या शहराच्या वाट्याला आयएसएलचा एकही संघ आला नाही. तालमींकडे गुण आहेत, लोक आहेत, परंपरा आहे. नाही तो फक्त मालक.

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. जुन्या स्पर्धांना वर्षाच्या वेळापत्रकात हक्काचे आठवडे राखून ठेवावेत. जिल्हा स्पर्धेपासून सर्वोच्च लीगपर्यंत जिंकून वर जाण्याची आणि हरून खाली येण्याची शिडी अखंड असावी. लीगच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा जिल्हा संघटनांना आणि शालेय मैदानांना मिळावा. आणि खेळाचे हक्क दीड-दोन दशकांसाठी कोणाकडेही गहाण टाकू नयेत. लक्ष्मी घरी यावी, पण तिने घरातल्यांना उंबऱ्याबाहेर काढू नये.

वर्तकनगरकरांपुढे आज हाच प्रश्न उभा आहे. 'प्रो गोविंदा' अजून बाल्यावस्थेत आहे, तिला वळण लावण्याची वेळ गेलेली नाही. पथकांना त्यांच्या थरांवरून प्रवेश मिळेल की मालकाच्या पसंतीवरून? लीगच्या कमाईतून गल्लीतल्या लहान पथकातील गोविंदाचा विमा उतरेल का? गोपाळकाला हा सामूहिक सण राहील, की सभागृहातल्या स्पर्धेची रंगीत तालीम ठरेल? हे आजच ठरवावे लागेल. कूपरेजवर कोणी विचारले नाही, गोव्यात विचारेपर्यंत उशीर झाला.

दहाव्या थरावर चढणारा पोर खालच्या नऊ थरांच्या खांद्यांवर उभा असतो. तळाचा थर सरकला तर वरच्याला कितीही पैसे देऊन उपयोग नसतो. फुटबॉलच्या कारभाऱ्यांना पंधरा वर्षांत जे उमगले नाही, ते वर्तकनगरच्या पटांगणात दरवर्षी डोळ्यांना दिसते. ठाणेकरांनी निदान ते विसरू नये.