इंजिनाचे दात

मंडळी, गेल्या महिन्यात तुम्ही सगळे शूज, इअरबड्स आणि एअर फ्रायरच्या सेलवर तुटून पडला होतात, तेव्हा मी काय घेत होते माहितीये? रेल्वेचं इंजिन. सेकंड-हॅण्ड. वीतभर लांबीचं.

ऑफिसात हे सांगितलं तर समोरचा टीम लीड माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी अप्रेझलमध्ये कोकण रेल्वेच मागितलीय. ‘खेळणं?’ त्याने विचारलं. खेळणं नाही रे बाबा, मॉडेल! पण हा फरक त्याला समजावत बसले असते तर लंच अवर संपला असता. तुम्हाला मात्र सांगते. कारण या सेलमध्ये मी पैसे घालवले, थोडे वाचवले, आणि मधल्या मध्ये एक थापही मारली. तिचं काय झालं ते पुढे येईलच.

सुरुवात झाली नानांमुळे. नाना म्हणजे माझे वडील. आयुष्यभर पश्चिम रेल्वेच्या तापी व्हॅली लाइनवर सांधेवाले होते. तुमच्या भाषेत पॉइंट्समन. चिंचपाडा, खांडबारा, नवापूर, नंदुरबार या पट्ट्यातच नोकरी गेली. (आमच्या नंदुरबारबद्दल पुण्यात लोकांना दोनच गोष्टी माहीत असतात. एक, लाल मिरची. दुसरी, ‘म्हणजे नक्की कुठे आलं ते?’) नवापूर स्टेशन तर आमच्या घरी चेष्टेचा कायमचा विषय. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये, आणि प्लॅटफॉर्मवरच्या एका बाकाच्या मधून राज्याची हद्द जाते. नाना म्हणायचे, ‘डबा महाराष्ट्रात उघडायचा आणि हात गुजरातमध्ये धुवायचे.’

रिटायर झाल्यावर हा माणूस एकदम गप्प झाला. गुडघे दुखतात म्हणून स्टेशनपर्यंतचं फिरणं बंद, आणि बोलायला कोणी नाही म्हणून बोलणं बंद. गेल्या जूनमध्ये पुण्याला आणलं. तिसऱ्या मजल्यावरचा माझा वन बीएचके, गाडीचा आवाज नाही, शिट्टी नाही. तिसऱ्या दिवशी मला टेन्शन आलं आणि मी त्यांना कोथरूडच्या जोशी रेल्वे म्युझियममध्ये घेऊन गेले.

तुम्ही गेला नसाल तर या वीकेंडला जा. मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नपेक्षा स्वस्तात काम होतं. भाऊ जोशी नावाच्या हौशी माणसाने आयुष्यभर जमवलेल्या-जुळवलेल्या छोट्या गाड्यांचं हे म्युझियम १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झालं. योगायोग बघा, त्याच वर्षी १ जुलैला धुळ्यातून वेगळा होऊन आमचा नंदुरबार जिल्हा झाला. आत एक अख्खं गाव वसवलंय. दिवसाची रात्र होते, दिवे लागतात, सिग्नल पडतात आणि गाड्या एकमेकींना चुकवत धावतात.

शो संपल्यावर नानांनी माझ्या कानात विचारलं, ‘ही सगळी मीटरगेज आहे का गं?’

मी चाट! पण माणूस बरोबर होता. म्हणजे मीटरगेज नव्हे, पण रूळ आपल्यापेक्षा अरुंद आहेत हे त्यांच्या डोळ्याने पकडलं. ही मॉडेल्स ‘एचओ’ स्केलची, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाइतकी. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर, कारण युरोप-अमेरिकेतला खरा रूळ १४३५ मिलिमीटरचा. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर! त्याचं याच मापाने मॉडेल करायचं तर रूळ एकोणीस मिलिमीटरच्या वर जायला हवा. तसा तयार रूळ बाजारात सरसकट मिळत नाही, म्हणून आपल्याकडचे हौशी लोक भारतीय इंजिनसुद्धा साडेसोळावरच पळवतात.

रिक्षात बसल्यावर नाना म्हणाले, ‘असं एखादं घरी असतं तर...’ आणि गप्प झाले. मंडळी, या माणसाने जन्मात कधी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं.

झालं, रात्री मी मोबाइल उघडला. आणि डोळे पांढरे! नव्या कोऱ्या चांगल्या इंजिनाच्या किमतीत माझा एक ईएमआय निघतो. आपल्याकडची दुकानंही स्वस्तात देऊ शकत नाहीत, कारण स्केल मॉडेल्स कस्टमच्या पुस्तकात खेळण्यांच्याच रकान्यात येतात. त्यांच्यावरची मूळ ड्युटी २०२०च्या बजेटमध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ मध्ये ७० वर. मग म्हटलं, लंडनच्या मैत्रिणीला ‘गिफ्ट’ म्हणून पाठवायला सांगू. तो रस्ताही बंद! भेटवस्तूंवरची ड्युटीची सवलत डिसेंबर २०१९ मध्ये काढून टाकली, राखी वगैरे सोडून. इंजिनाला राखी बांधून पाठवायची आयडिया मैत्रिणीने दिली होती, पण ती फारच चमकोगिरी झाली असती.

तेव्हा पहिला फंडा हा, की परदेशी सेलमधला ‘६० टक्के ऑफ’ हा आकडा अर्धवट असतो. ड्युटी इंजिनाच्या किमतीवर लागत नाही, किंमत अधिक पोस्टेज अधिक विमा या बेरजेवर लागते, आणि जीएसटी त्याच्याही वर. एक इंजिन मला साडेपाच हजारांना दिसत होतं. कागदावर हिशोब मांडला तर ते दाराशी येईपर्यंत अकरा हजारांच्या पुढे जात होतं. टॅब बंद केली.

मग मी चूक केली. इथल्याच एका विक्रेत्याकडे, नाव कशाला, एक जर्मन इंजिन दिसलं. ‘अर्जंट सेल, मिंट कंडिशन, टेस्ट केलेलं नाही.’ ३८०० रुपये. त्या शेवटच्या तीन शब्दांकडे मी बघितलंच नाही. रूळ आणि कंट्रोलर वेगळे घेतले, दिवाळीला सगळं बॅगेत घालून नंदुरबारला नेलं आणि फराळाची ताटं बाजूला सारून अंगणात गोल रूळ मांडला. इंजिन ठेवलं, बटण फिरवलं. कंट्रोलरचा लाल दिवा लागला, बस्स. इंजिन ढिम्म.

नानांनी ते उचललं, चष्मा लावला, उलटं केलं. ‘पोटाखाली ही पट्टी कसली?’

ती पट्टी म्हणजे सगळी गोम. इंजिन होतं मार्कलिनचं. त्यांची पद्धत तीन रुळांची. मधल्या खुंट्यांवरून पोटाखालची पट्टी करंट घेते, आणि दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांना जोडलेलीच असतात. असं इंजिन साध्या दोन रुळांवर ठेवलं की सरळ शॉर्ट सर्किट. इंजिन चांगलंच होतं, पण आमच्या रुळासाठी नव्हतं. विकणाऱ्याने फोन उचलणं केव्हाच बंद केलेलं.

‘कितलाले लिधं?’ नानांनी विचारलं. मूड असला की अहिराणी येते त्यांना.

‘तीनशेला,’ मी म्हटलं. खरं सांगितलं असतं तर त्यांनी पुन्हा काही मागितलं नसतं. ही ती थाप. एकदा सुरू झाली ती झाली.

नाना हसले. म्हणाले, ‘सारंगखेड्याला घोडा घेताना कोणी खोगीर बघून पैसे मोजतं का? आधी दात बघायचे, मग चालवून बघायचा.’ सारंगखेडा आमच्याच जिल्ह्यात, तापीकाठी. दत्तजयंतीला तिथल्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. लहानपणी नाना मला घेऊन जायचे, आणि आम्ही फक्त बघायचो. घोड्याच्या तोंडात हात घालून वय सांगणारी माणसं तिथे असतात. आईचंही मिरचीबद्दल असंच. पथारीवर अवकाळी पाऊस पडला की स्वस्तातली मिरची ती आधी हातात घेऊन मोडते. कडकन आवाज आला तरच घेते.

म्हणून मग मी इंजिनाचे दात बघायला शिकले. अक्षरशः! आत गिअर असतात, प्लास्टिकचे, आसावर घट्ट बसवलेले. वर्षांनी प्लास्टिक आकसतं आणि चीर पडते. असं इंजिन चालताना ठराविक अंतराने ‘टक... टक...’ करतं. गिअर बदलून मिळतो, तेव्हा त्या आवाजावर भाव पाडून घ्यायचा. खरा भयंकर आजार दुसराच. जुन्या इंजिनाची चासी जस्ताच्या मिश्रधातूची, आणि त्या ओतकामात शिसं मिसळलं गेलं असेल तर काही वर्षांनी धातू फुगतो, तडकतो आणि बिस्किटासारखा तुटतो. त्याला औषध नाही. चासी वाकडी किंवा भेगाळलेली दिसली तर फुकट दिलं तरी नको. आपल्यात म्हणतात ना, धर्माची गाय आणि दात का गं नाय! इथे दात विचारायचेच.

आणि चालवून बघायला स्टेशन लागत नाही. दोन रुळांवर चालणारी साधी इंजिनं बारा व्होल्ट डीसीवर धावतात. खिशात नऊ व्होल्टची बॅटरी आणि दोन वायरी ठेवा, रुळाच्या तुकड्याला लावा. इंजिन हललं तर मोटर जिवंत आहे. नुसतं गुरगुरलं तरी आशा आहे, बऱ्याचदा वाळलेलं तेल आणि चाकांवरची काजळी एवढंच असतं.

पण माल स्वस्त का आहे, हे कळल्याशिवाय हात घालू नका. काही कारणं आपल्या फायद्याची असतात. दुकानदार अख्खा ट्रेन सेट फोडतात आणि इंजिन बिनखोक्याचं वेगळं विकतात. इंजिन तेच, फक्त थर्माकोल कमी. कंपनीने नवा साचा काढला की जुन्या साच्याचा माल क्लिअरन्सला जातो. ज्या रंगसंगतीला तिकडे कुणी विचारत नाही, ती इकडे नानांना चालते. आणि सगळ्यात मोठं कारण डिजिटल. आता लोकांना चिपवर चालणारी, आवाज काढणारी इंजिनं हवीत, म्हणून साधी जुनी इंजिनं पडून राहतात. आपल्याकडे साधाच कंट्रोलर असेल तर आपलं काय बिघडलं? फक्त ‘डीसीसी रेडी’ वाचून हुरळू नका. त्याचा अर्थ आत चिपसाठी खाच आहे, चिप नाही. चिपचे पैसे वेगळे!

ही सगळी विद्या घेऊन मी डिसेंबरमध्ये ठाण्याला एका आजोबांकडे गेले. मुलगा परदेशी, घर लहान करायचं म्हणून ते संग्रह काढत होते. माझी नजर एका इटालियन डिझेल इंजिनावर गेली. लिमा कंपनीचं. ही कंपनी २००४ मध्ये बंद पडली आणि तिचे साचे वगैरे हॉर्नबीने घेतले. लिमाने स्वस्त माल भरपूर काढला, त्यामुळे तो अजून भरपूर मिळतो. आवाज मिक्सरसारखा, पण आतली रचना इतकी सोपी की स्क्रू ड्रायव्हरवाल्या कुठल्याही माणसाला उघडता यावी.

आजोबांनी ४००० सांगितले. मी बॅटरी काढली. ते बघून आजोबा खूश. म्हणाले, ‘पहिल्यांदा कोणीतरी बॅटरी घेऊन आलंय.’ इंजिन हललं, टक-टक नाही, चासी सरळ. एका चाकावरचं रबर सैल झालं होतं, ते मी दाखवलं. पाऊण तास चहा झाला, दोन इतर इंजिनांचे इतिहास ऐकले आणि ३२०० वर सौदा तुटला. वर रुळाचे सहा तुकडे फुकट! जिन्यात मी एकटीच नाचले.

दत्तजयंतीला नंदुरबारला इंजिन गोल गोल फिरलं. अर्धा तास. आईने मिक्सर लागला समजून स्वयंपाकघरात डोकावून बघितलं. नाना पाटावर बसून बघत राहिले, मग प्रत्येक फेरीला हात वर करून हिरवा बावटा दाखवायला लागले.

‘कितलाले?’

‘पाचशे.’

इथपर्यंत सगळं झक्कास. आठ दिवसांनी फोन. नानांचाच. शेजारच्या काकांनी इंजिन बघितलं, नानांनी अभिमानाने ‘लेकीने पाचशेत आणलं’ सांगितलं, आणि काकांनी नातवांसाठी दोन इंजिनांचे रोख हजार रुपये नानांच्या हातावर ठेवले. ‘पुढच्या वेळी येताना घेऊन ये,’ नाना म्हणाले.

मी मीटिंग रूममध्ये उभी, बाहेर टीम लीड घड्याळ दाखवतोय. दोन इंजिनं म्हणजे सहा-सात हजार. खिशातून घालायचे? की आणखी एक थाप? शेवटी सांगून टाकलं. तीनशेचे अडतीसशे, पाचशेचे बत्तीसशे, कंट्रोलरचे वेगळे.

पलीकडे बराच वेळ शांतता. मी म्हटलं, गेलं. आता खोक्यात घालून माळ्यावर ठेवतील.

‘पाचशेत मिरचीचं पोतं येत नाही,’ नाना म्हणाले, ‘इंजिन कुठून येईल? मला अंगणातच कळलं होतं. काकांना तुझ्याकडूनच खरा भाव ऐकवायचा होता, म्हणून पैसे ठेवून घेतले. संध्याकाळी परत करतो.’ मग जरा थांबून, ‘एक विचारू? आपला रूळ नुसता गोल आहे. त्यात सांधा कुठे आहे? सांधेवाल्याने बसून करायचं काय?’

तर मंडळी, सध्या मी क्लिअरन्समधले सांधे बघतेय. मोटरवाले महाग आहेत, हाताने ओढायचे बरेच स्वस्त. नानांना अर्थात हाताचेच हवेत. साडेसोळा मिलिमीटरचे, दोन रुळांचे, डावीकडे फुटणारे. कुणाच्या माळ्यावर पडले असतील तर कळवा. बॅटरी घेऊन येईन.