लायसन मिळालं, आता गाडी कोणती?

मैत्रिणींनो, आर.टी.ओ.च्या मैदानावर पाय न टेकता आठाचा आकडा काढलात, साहेबांनी मान डोलावली, आणि काही दिवसांनी लायसन घरी आलं. शेजारीपाजारी पेढे वाटून झाले. आणि मग त्याच रात्री जेवताना विषय निघतो, गाडी कोणती घ्यायची? गंमत अशी की परीक्षा दिली तुम्ही, पण या प्रश्नाचं उत्तर मात्र घरातल्या बाकी सगळ्यांकडे तयार असतं. यजमानांना दणकट इंजिन हवं, चिरंजीवांना रंग आणि रुबाब. सासूबाईंचं म्हणणं एवढंच, की सूनबाईनं ती फार लांब नेऊ नये!

आमच्या शेजारच्या वहिनींचीच गोष्ट सांगते. वहिनी शिक्षिका, शाळा गावाबाहेर. क्लासच्या हलक्या मोटरसायकलवर त्या छान शिकल्या, पहिल्या फेरीत पास झाल्या. भावजींनी हौसेनं दीडशे सी.सी.ची, उंच सीटची गाडी आणली. "एकदाच घ्यायची तर चांगली घेऊ," म्हणाले. वहिनींचे नुसते चवडे टेकत. मिरगाचा पहिला पाऊस पडला त्या दिवशी मारुती मंदिराकडून खाली बाजारात येताना पुढची रिक्षा थांबली, वहिनीही थांबल्या, पाय टेकायला गेल्या तर उताराच्या बाजूला जमीनच लागेना. गाडी कलली आणि वहिनी तिच्यासकट आडव्या. पाय मुरगळला होता, तो पंधरा दिवसांत बरा झाला. पण गाडीची किल्ली भावजींच्या खिशात गेली ती गेलीच, आणि वहिनी पुन्हा एस.टी.च्या थांब्यावर उभ्या राहू लागल्या. अजूनही राहतात. लायसन कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली.

म्हणून हा विषय मला घ्यावासा वाटला.

आधी लायसन नीट वाचा बरं का. गिअरलेस स्कूटरवर परीक्षा दिली असेल तर त्यावर 'विदाऊट गिअर' एवढीच परवानगी असते. त्यावर मोटरसायकल चालवणं बेकायदा, आणि अपघात झालाच तर विमा कंपनीलाही बोट ठेवायला जागा मिळते. मोटरसायकल घ्यायचं मनात असेल तर 'विथ गिअर'ची परीक्षा द्यायला हवी.

आता, बाईनं मोटरसायकल घ्यावी का? दुकानात बाई शिरली की विक्रेत्याचं बोट आपोआप स्कूटरकडे वळतं. त्याला कारणही आहे. १९७२ साली पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकनं पन्नास सी.सी.ची लूना काढली, सायकलसारखी पायडल असलेली, तिच्यावर कितीतरी बायका पहिल्यांदा घराबाहेर पडल्या. १९८४ मध्ये बटणावर सुरू होणारी, बिनगिअरची कायनेटिक होंडा आली, २००१ मध्ये अ‍ॅक्टिव्हा. बाईची गाडी म्हणजे बिनगिअरची, हे लोकांच्या डोक्यात तेव्हापासून बसलं. पण गिरगावातल्या पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या पोरी आता कोणी वळून बघण्यासारख्या राहिलेल्या नाहीत, आणि २०२३ च्या मार्चमध्ये रमिला लटपटे मुंबईहून नऊवारीतच मोटरसायकलवर जगप्रवासाला निघाल्या. आपल्याला काही जगप्रवास करायचा नाही. पण पावसला किंवा हातखंब्याला रोज जाऊन यायचं असलं तर मोटरसायकलचा विचार जरूर करा.

का ते सांगते. आपली रत्नागिरी म्हणजे चढउतार. माळनाका वर, जयस्तंभ आणि राम आळी खाली, आणि गणपतीपुळ्याला आरे-वारेवरून गेलात तर तिथले उतार विचारूच नका. उतारावर मोटरसायकल दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की इंजिनच तिला मागे ओढून धरतं. बिनगिअरच्या स्कूटरला ही सोय बरीच कमी, सगळा भार ब्रेकवर. शिवाय स्कूटरची चाकं दहा-बारा इंची, मोटरसायकलची सतरा-अठरा. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचून तो दिसेनासा झाला, की या फरकाचं मोल कळतं. आणि मोटरसायकल जड असते हा समज तर सोडूनच द्या. शंभर सी.सी.ची साधी मोटरसायकल ११० ते ११५ किलोंची, नेहमीची स्कूटरही १०५-११० च्या घरात. जड ती बुलेट, १९० किलोंच्या वर. पहिलीच गाडी म्हणून ती नको, हे माझं स्पष्ट मत.

उलट ज्यांचं येणं-जाणं गावातल्या गावात, रोज साडी, आणि येताना भाजीच्या दोन पिशव्या, त्यांनी खुशाल स्कूटर घ्यावी. त्यात काही कमीपणा नाही. विजेवरची घ्यायची तर मात्र आपल्याकडे पावसात वीज किती वेळ जाते ते आठवा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या लोकांनी किती दिवस अंधारात काढले, ते त्यांना विचारा. आणि घर पाखाडीच्या खाली असेल तर पायऱ्यांवरून गाडी उतरायची नाही, मग ती वर कुणाच्या अंगणात उभी राहणार, हे आधी ठरवा.

गाडी बघायला जाताना रोजच्या चपला घालून जा. उंच टाचांच्या नकोत. सीटवर बसून दोन्ही तळपाय जमिनीला पुरते टेकले पाहिजेत. चवडे टेकले म्हणजे झालं, असं विक्रेता सांगेल, ते ऐकू नका. गाडी स्वतः डबल स्टँडवर लावा, उतरवा, ढकलून मागे घ्या. मग चालवायला मागा, आणि सपाट रस्त्यावर नाही, चढावर. चढात थांबून पुन्हा निघता आलं की गाडी तुमची. मला एका दुकानात विचारलं होतं, "साहेब कधी येणार?" मी म्हटलं, "साहेब घरी कुकर लावतायत," आणि दुसऱ्या दुकानात गेले.

पहिली गाडी मी जुनीच घेतली, शंभर सी.सी.ची. पडली, खरचटली तरी जीव हळहळत नाही. पण समुद्राकाठची जुनी गाडी घेताना वाकून बघावं लागतं. खारी हवा सायलेन्सर, मडगार्डची आतली बाजू आणि तारांची चाकं हळूहळू खात असते, वरून रंग मारला की कळत नाही. हात फिरवून बघा, गंजाचे फोड बोटांना लागतात. चेन पूर्ण झाकलेली असेल तर फार उत्तम. गंज कमी आणि ओढणी अडकण्याची भीतीही कमी. मागच्या चाकाचा साडी गार्ड शोभेसाठी म्हणून कोणी काढून टाकला असेल तर आधी बसवून घ्या. तो नियमानंच असावा लागतो. ब्रेकचंही विचारा. १२५ सी.सी.पर्यंतच्या गाड्यांना २०१९ पासून पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची आहे. त्याआधीच्या गाडीत ती नसण्याचा संभव असतो.

आता एक गोष्ट जरा गंभीरपणे सांगते. आर.सी. बुक कुणाच्या नावावर? "घरातलीच गाडी, नाव कुणाचं का असेना," असं आपण पटकन म्हणून जातो. पण विम्यात मालक-चालकासाठी जे १५ लाखांचं अपघात संरक्षण असतं, ते गाडी ज्याच्या नावावर आहे आणि जो स्वतः ती चालवतो त्याच्यासाठी असतं. गाडी यजमानांच्या नावावर आणि पडलात तुम्ही, तर त्या कलमाचा तुम्हाला उपयोग नाही. रोज तुम्ही चालवणार असाल तर नाव तुमचंच घाला. यजमानांना हे कारण सांगा, बहुतेक जण ऐकतात. आणि हप्ता तुमच्या पगारातून जाणार असेल तर विचारायचंच काय!

हेल्मेटचे पैसे गाडीच्या हिशेबातच धरा. आय.एस.आय.चा शिक्का असलेलं, हनुवटीखाली पट्टा घट्ट बसणारं. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही. केस मानेशी सैल वेणीत बांधायचे आणि अंबाडा शाळेत पोचल्यावर घालायचा. पावसाळ्यात आतलं अस्तर काढून धुवा आणि पंख्याखाली सुकवा, नाहीतर आठ दिवसांत बुरशीचा वास येतो. गजरा मात्र हेल्मेटखाली घालू नका. मी घालून पाहिला, पार चिंबला.