विस्मरणशील यंत्र आणि प्रवाशाची पावती

१९८५ साली नवी दिल्ली येथे भारतीय रेल्वेच्या संगणकीय आरक्षणाचा आरंभ झाला. तेथे ओळख टिकविण्याचा प्रश्न नव्हता; प्रवासी आणि कारकून खिडकीच्या दोन बाजूंस समोरासमोर असत. २००२ साली आय.आर.सी.टी.सी.च्या संकेतस्थळावरून तिकिटे मिळू लागली, आणि ह्या नव्या मार्गावर कारकून उरला नाही.

महाजालावरील देवघेव ज्या एचटीटीपी नियमांनी चालते, ते नियम मुळातच विस्मरणशील आहेत. प्रत्येक मागणी सर्व्हरला नवी वाटते. गाडी निवडणारा, नाव भरणारा आणि पैसे देणारा मनुष्य एकच आहे, हे त्याला आपोआप कळत नाही. अशा मागण्या एका सूत्रात गुंफणे म्हणजेच 'सत्र' राखणे होय. त्यासाठी १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी कुकीची योजना केली. सर्व्हर एक लहानशी खूण देतो. ब्राउझर ती जपतो आणि प्रत्येक मागणीबरोबर परत दाखवितो.

पुढे जाहिरातदारांनी ह्याच खुणेने लोकांचा माग काढला, म्हणून कित्येकजण कुकी नाकारतात. मग कुकीवाचून सत्र चालेल काय? चालेल, त्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. सत्राचा क्रमांक पानाच्या पत्त्यात लिहावा. तो अर्जातील अदृश्य रकान्यात ठेवावा. किंवा पानावरील आज्ञावलीने तो स्वतःपाशी बाळगून मागणीच्या शीर्षभागात पाठवावा.

पहिला मार्ग सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक आहे. स्टेशनच्या सामानघरात पावती ज्याच्या हाती, त्याला सामान मिळते. पत्त्यातील क्रमांक म्हणजे भिंतीवर चिकटविलेली पावतीच. सायबर कॅफेतील संगणकाच्या नोंदींत तो मागे राहतो. आप्तास पत्ता पाठविला, तर त्याबरोबर आपल्या खात्याची किल्लीही जाते. सार्वजनिक सेवेने हा मार्ग वर्ज्य मानावा. अदृश्य रकाना लागोपाठच्या अर्जांस पुरतो. परंतु साध्या दुव्याने दुसऱ्या पानावर जाताच सूत्र तुटते. तिसरा मार्ग बरा. मात्र पान पुन्हा उघडल्यास खूण नष्ट होते, आणि पानात शिरलेली परकी आज्ञावली ती चोरू शकते.

याउलट, आज्ञावलीस वाचता येणार नाही आणि परक्या संकेतस्थळावरून आलेल्या मागणीबरोबर जाणार नाही, अशी कुकी देता येते. तेव्हा केवळ कुकीच्या भयाने क्रमांक पत्त्यात मांडणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे होय. खूण कोठेही असो. ती तर्काने ओळखता न येणारी असावी, प्रवेश करताच बदलावी, आणि 'बाहेर पडा' म्हणताच सर्व्हरनेही ती रद्द करावी. पावती नागरिकाच्या हाती असते. ती वेळेवर फाडण्याचे दायित्व मात्र सेवा देणाऱ्याचे आहे.